जपून ठेवलेले बूट

सिंगापुरातल्या आमच्या सेम्बावांगच्या फ्लॅटमध्ये एक बॉम्ब शेल्टर आहे. इथल्या नव्या सरकारी इमारतींत तो घरोघरी असतोच. जाड काँक्रीटच्या भिंती, खिडकी नाही आणि तिजोरीला शोभेल असं लोखंडी दार. युद्ध झालं तर सगळ्यांनी त्यात जाऊन बसायचं. युद्ध होत नाही तोवर त्यात इस्त्रीचं टेबल, दिवाळीचा आकाशकंदील, तांदळाची पिशवी आणि लेकीची जुनी पुस्तकं बसतात. आमच्या शेल्टरच्या सगळ्यात वरच्या फळीवर मी उत्तर नॉर्वे ठेवला होता.

म्हणजे तिथले कपडे. माझा नवरा मरीन इंजिनियर. सिंगापूरला येण्याआधी त्याच्या कंपनीने त्याला नॉर्वेच्या पार वरच्या टोकाच्या एका बंदरावर पाठवलं होतं आणि दोन वर्षं आम्ही तिथे राहिलो. लेक तेव्हा जेमतेम तीन वर्षांची होती. हिवाळ्यात दोन महिने सूर्य उगवायचा नाही. दुपारी बाराला आभाळ जरा निळसर व्हायचं, तेवढाच दिवस.

पुण्याहून घेतलेला लांब लोकरी कोट घालून मी तिथल्या विमानतळाबाहेर पाय टाकला तेव्हा मी फार छान दिसत होते. साधारण सात मिनिटं. त्यानंतर मला माझे कान आहेत की नाहीत हे हात लावून बघावं लागलं. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरची शेजारीण भेटायला आली. मासे साफ करण्याच्या कारखान्यात आयुष्य काढलेली, साठी ओलांडलेली, दणकट बाई. तिने माझ्या तोंडाकडे न बघता आधी पायांकडे बघितलं आणि मला सरळ दुकानात घेऊन गेली. बुटांची किंमत ऐकून मी मागे वळले होते. तिने दंडाला धरून परत फिरवलं. त्या दिवशी आम्ही तिघांसाठी बूट घेतले. नवऱ्याचे आणि माझे एकाच जातीचे, एकाच रंगाचे, फक्त मापात फरक.

त्या बुटांनी आम्हाला काय दिलं हे सिंगापूरमध्ये बसून कुणाला सांगता येत नाही. एकदा लेकीला डॉक्टरकडे दाखवून येताना बस वाटेत बंद पडली. वारा असा होता की उभं राहता येईना. दुसरी बस येईना, म्हणून शेवटी नवऱ्याने लेकीला पाठुंगळीला घेतलं आणि आम्ही जवळच्या वस्तीपर्यंत चालत गेलो. मी भीतीने रडत होते, माझी आसवं पापण्यांवर गोठत होती आणि तरीही माझे पाय मात्र उबदार होते. घरी पोचल्यावर मी त्या बुटांना अक्षरशः नमस्कार केला.

शेजारणीचा एक नियम होता. दर सप्टेंबरात, पहिला बर्फ पडायच्या आत, बूट बाहेर काढायचे. वाकवून बघायचे, शिवण बघायची आणि पायात घालून तासभर घराभोवती फिरायचं. ती स्वतः फिरायचीच, आम्हालाही फिरायला लावायची. तिचं म्हणणं एवढंच की जे बिघडायचं ते दारात बिघडू दे, डोंगरावर नको.

मग आम्ही सिंगापूरला आलो. इथे सप्टेंबर येतो, पण त्यानंतर काहीही येत नाही. मेमध्ये जो घाम, तोच डिसेंबरात. मी नॉर्वेचं सगळं सामान पुसलं, वाळवलं, बुटांत वर्तमानपत्रांचे बोळे आणि ओल शोषणाऱ्या पुड्या कोंबल्या आणि एकेक जोड दोन-दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घातला. व्हॅक्यूम क्लीनरने आतली हवा ओढून घेतली. वरून चिकटपट्टी. त्यावर माझ्या अक्षरात चिठ्ठी: ‘बूट, त्याचे’, ‘बूट, माझे. विचारल्याशिवाय हात लावू नये.’

हे माझं अंगचं वळण आहे. आमच्या घरात चांगली वस्तू वापरायची नसते, जपायची असते. चांगल्या चादरी पाहुण्यांसाठी, चांगले कप पाहुण्यांसाठी, आणि पाहुणे आले की मला वाटतं, यांच्यासाठी एवढं कशाला. नवरा यावरून मला खूप चिडवतो. एखादी गोष्ट सापडली नाही की म्हणतो, "तिजोरीत बघ, उत्तर ध्रुवाच्या शेजारी असेल."

दसऱ्याला मी त्याच्या अवजारांच्या पेटीची पूजा करते. माझे वडील पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर होते. खंडेनवमीला ते घरचं एकूण एक हत्यार बाहेर काढायचे, रॉकेलच्या फडक्याने पुसायचे, पाना फिरवून बघायचे, पकडीच्या सांध्यात तेलाचा थेंब सोडायचे आणि दिवसभर याच कामात घालवून मग कुठे दुसऱ्या दिवशी झेंडूचं फूल वाहायचे. मी सिंगापुरात फूल वाहण्याचा भाग तेवढा ठेवला होता. पेटी शेल्टरच्या दारात ओढायची, बंदच्या बंद, आणि वर हळदकुंकू. दरवर्षी स्टुलावर चढून मी वरच्या फळीवरच्या पिशवीलाही एक कुंकवाचं बोट लावायचे. प्लॅस्टिकला.

"चपलांना कुंकू?" नवरा म्हणायचा. "तुझ्या वडिलांनी बघितलं असतं तर?"

"ज्याने जीव वाचवला ते हत्यारच," मी म्हणायचे.

अशी चार वर्षं गेली. मग एका डिसेंबरात त्याला पुन्हा तिकडे जायचं आलं. दोन जहाजांची कामं होती. पहिलं आमच्या ओळखीच्या बंदरात, दुसरं डोंगरापलीकडच्या छोट्या धक्क्यावर. मधे एक उघडं पठार आहे. हिवाळ्यात त्या रस्त्यावर एकट्याने गाडी नेऊ देत नाहीत. पुढे बर्फ हटवणारी गाडी, तिच्यामागे ठरावीक वेळी सगळ्या गाड्यांची रांग. पठारावर घर नाही, झाड नाही, फोनला रेंज नाही.

"तिथे गेल्यावर नवे बूट घेतो," तो बॅग भरताना म्हणाला.

मी त्याला काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. नव्याची हौस, घरातल्या वस्तूंची किंमत नसणं, त्याच्या आईने त्याला लाडावून ठेवणं, असं बरंच. स्टुलावर चढून मी पिशवी काढली आणि त्याच्यासमोर फोडली. बूट बघून मीच हरखले. इतके कोरे. चामडं चमकत होतं, वास नाही, बुरशी नाही.

त्याने एक बूट हातात घेतला आणि सोल अंगठ्याने दाबून बघितला. "थोडा मऊ वाटतोय गं."

"चार वर्षं विश्रांती घेतलीय त्याने," मी म्हणाले. "मऊच असणार."

तो हसला. घरात दोन पावलं चालून बघ म्हटलं असतं तरी पुढचं टळलं असतं. पण फरशी नुकतीच पुसली होती आणि बुटांनी डाग पडले असते. त्याने ते तसेच बॅगेत टाकले. मी जिंकले होते आणि जिंकल्यावर मला नेहमी वाटतं तसं छान वाटत होतं.

तो गेल्यानंतर चौथ्या दिवशी माझी पुंगोलला राहणारी मैत्रीण आली. सिंगापूरच्या आम्हा मराठी बायकांत थंडीच्या कपड्यांची एक न लिहिलेली देवाणघेवाण चालते. इथे जाकिटं कुणाला लागत नाहीत आणि डिसेंबरच्या सुट्टीत मात्र सगळ्यांना एकदम लागतात. कुणी कोरियाला जातं, कुणी स्वित्झर्लंडला. एकच लाल जाकीट मी तीन वेगवेगळ्या बायकांच्या फोटोंत बघितलं आहे. मैत्रीण नवऱ्यामुलांना घेऊन जपानला, बर्फातल्या होक्काइडोला निघाली होती. तिला बूट हवे होते आणि तिचं माझं माप एक.

साडेबारा वाजले होते. लेक सोफ्यावर आडवी पडून टॅबवर काहीतरी बघत होती, शाळेला सुट्टी. मी माझी पिशवी खाली काढली आणि पॅकिंग कसं करायचं असतं याचं मैत्रिणीला व्याख्यान देत देत ती फोडली.

"बाई गं, नवेच आहेत की!" ती म्हणाली.

"तुला हसतात लोक माझ्या सवयींना," मी म्हणाले. म्हणजे मला म्हणायचं होतं, मला हसतात. आनंदात जीभ घसरली.

तिने बूट चढवले, उभी राहिली आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये निघाली. एक, दोन, तीन, चार. पाचव्या पावलाला तिचा पाय उचलला गेला आणि सोल फरशीवरच राहिला. ती भिंतीला धरून उभी राहिली. दुसरं पाऊल टाकलं तर दुसऱ्या बुटाची टाच निखळून मागे पडली. ती चालली होती तिथे तिथे काळा भुगा पडला होता. मी वाकून सोल उचलला. तो माझ्या बोटांत शिळ्या केकसारखा चुरला.

मैत्रीण हसायला लागली. मीही हसले. लेक दारात आली आणि तिच्या शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आई, सो एम्बॅरसिंग, युअर शूज सो ओल्ड लाह."

मग माझं हसणं तोंडातच थांबलं. हात काळे झाले होते. एकाच दिवशी घेतलेले, एकाच जातीचे. एकाच दिवशी बांधलेले, एकाच फळीवरचे. फक्त मापात फरक.

आणि काल रात्रीच तो फोनवर म्हणाला होता: जहाजावर सगळा वेळ सेफ्टी शूजमध्येच होतो, तू दिलेले बूट अजून काढलेच नाहीत. उद्या पठार ओलांडायचंय, तेव्हा घालीन. पहाटे सहाला निघतो.

तिकडचे सहा म्हणजे इथला एक. माझ्याकडे पंचवीस मिनिटं होती.

फोन लावला. लागला नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं: ‘बूट घालू नकोस. सोल तुटतायत. माझे तुटले. नवे घे. घालू नकोस.’ एक करडी खूण आली, दुसरी येईना. झोपताना तो फोन फ्लाइट मोडवर टाकतो आणि उठल्यावर काढायला विसरतो. या सवयीवरून मी त्याला दहा वर्षं बोलत आले आहे. दहा वर्षं बोलून त्या दिवशी काहीही उपयोग झाला नाही.

हॉटेलचं नाव मला माहीत नव्हतं. खिडकीतून दिसणाऱ्या बंदराचा फोटो त्याने पाठवला होता, त्यात काळोख आणि चार दिवे. त्याच्या ऑफिसला फोन केला तर जेवणाची वेळ. तिसऱ्यांदा लावल्यावर एका मुलीने उचलला. मी तिला सगळं भराभर सांगायला लागले, बूट, सोल, प्लॅस्टिक, आणि माझ्याच कानाला ते वेड्यासारखं वाटत होतं. पण ती शांतपणे "ओके, ओके मॅम" म्हणत राहिली आणि हॉटेलचा नंबर दिला. एकला पाच कमी होते.

तिकडे फोन उचलणाऱ्या माणसाने नाव विचारलं, खोली बघितली आणि म्हणाला की ते तर वीस मिनिटांपूर्वीच गेले. हवा बिघडते आहे म्हणून पहिली रांग लवकर सोडणार आहेत.

"त्यांच्या पायात काय होतं?" मी इंग्रजीत विचारलं.

"बूट, मॅडम," तो म्हणाला. "चांगले बूट होते. आमच्याकडचे."

दिसायला ते चांगलेच होते. याचीच मला भीती वाटत होती. पठाराच्या फाटकाशी एक माणूस गाडीगाडीत डोकावून प्रवाशांचे कपडे बघतो, कुणी शहरी बुटांत असेल तर परत पाठवतो. माझ्या नवऱ्याला तो परत पाठवणार नव्हता. बूट मी इतके कोरे ठेवले होते.

मैत्रीण बूट काढून अनवाणी बसली होती. "अगं, गाडीतच बसून असणार ना तो," ती म्हणाली. "हीटर असेल. उतरेल कशाला?"

"तू नॉर्वेला राहिली आहेस का?" मी खेकसले. "तिथे पुढची गाडी अडकली की सगळे उतरतात. हा तर पहिला उतरेल. इंजिन म्हटलं की याला जेवण सुचत नाही."

ती उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन तिने चहा ठेवला. थोड्या वेळाने आतूनच म्हणाली, "माझ्याच पायात तुटायचे होते." तिचा आवाज रडवेला होता. तेव्हा मला माझीच लाज वाटली. ती आली नसती तर मी या वेळी धुण्याच्या घड्या घालत बसले असते, हे मी तिला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

लेकीने टॅब बाजूला ठेवला होता. ती माझ्याजवळ येऊन मराठीत बोलली. एरवी मराठी बोल म्हणून मी तिच्या मागे लागते तेव्हा ती बोलत नाही.

"आई, बाबा पडणार का?"

"नाही."

"मग तू का रडतेस?"

दोन वाजता मी शेल्टरमध्ये गेले. काहीतरी करायला हवं होतं. वरच्या फळीवरची एकूण एक पिशवी खाली घेतली आणि फोडली. नवऱ्याच्या जुन्या जाकिटाचं आतलं अस्तर चिकट होऊन स्वतःलाच चिकटलं होतं. ओढलं तर त्याचे पांढरे पापुद्रे निघाले. लेकीच्या बारक्या बुटांचे सोल मी नखाने टोकरले, तेही गेले होते. हातमोज्यांचं रबर गेलं होतं. चार वर्षं ज्याला मी कुंकू लावत होते तो भुगा होता. नंतर मला कळलं की अशा सोलना दमट उकाडा सोसत नाही, वापरात राहिले तर बरे टिकतात आणि बंद पिशवीत नुसते ठेवले तर आतून विरघळत जातात. पुडीची ओल शोषायची ताकद संपली की पिशवीतली उरलेली ओल तिथेच राहते. हे कुणीही सांगितलं असतं. मी कुणाला विचारलं नव्हतं, कारण मला येतच होतं.

एका कोपऱ्यात कापडी झोळीत शेजारणीने विणून दिलेले लोकरीचे मोजे होते. ते मला गबाळे वाटायचे म्हणून मी त्यांना प्लॅस्टिकच्या लायकीचं समजले नव्हते. ते जसेच्या तसे होते. मला एकदम आठवलं की यातला एक जोड नवऱ्याने जाताना कधीतरी मागून घेतला होता. मी त्या लोखंडी दाराला टेकून खाली बसले आणि मनात म्हटलं, निदान मोजे घातलेले असू देत.

तीन वाजता तिकडच्या बंदरातल्या एजंटचं ऑफिस उघडलं. एजंट म्हणजे जहाजाची कामं तिथल्या तिथे बघणारा माणूस. त्याने चौकशी करून दहा मिनिटांत उलटा फोन केला. रांग पठारावर उभी आहे, तो म्हणाला. एक गाडी घसरलीय, वाऱ्यामुळे पुढचं दिसत नाही, वाट बघतायत. हे नेहमीचं आहे, काळजी करू नका. मी त्याला विचारलं, त्याच्या गाडीच्या ड्रायव्हरशी काही संपर्क? नाही, तिथे रेंज नाही. बर्फ हटवणाऱ्या गाडीकडे रेडिओ आहे, पण तो कामासाठी.

"मग हे काम नाही का?" मी ओरडले. तो म्हणाला, मी निरोप देऊन बघतो.

तीन ते सहा मी काय केलं ते मला सलग आठवत नाही. मैत्रीण घरी गेली नाही. तिने पोळ्या केल्या, कुणी खाल्ल्या नाहीत. लेकीने कॉरिडॉरमधला भुगा केरसुणीने गोळा केला आणि काय करायचं ते न कळून एका डब्यात भरून ठेवला. बाहेर पाऊस येऊन गेला आणि नेहमीसारखं उकडायला लागलं. पंख्याखाली घामेजून बसले असताना मला त्याच्या पायांची बोटं डोळ्यांसमोर येत होती. त्याचं डाव्या पायाचं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब आहे. लग्नात आमच्याकडच्या बायका त्यावरून त्याला चिडवत होत्या.

सहाला पाच-सात मिनिटं असताना फोन वाजला.

"पोचलो," तो म्हणाला. "रेंज आत्ता आली. किती मिस्ड कॉल गं! काय झालं? लेक बरी आहे ना?"

"तू कसा आहेस?"

"मस्त. जरा उशीर झाला वाटेत. गाड्या अडकल्या होत्या."

"उतरला होतास?"

"थोडा वेळ."

त्याने अजून माझे मेसेज वाचलेले नव्हते. मी डोळे मिटले आणि विचारलं, "आणि बूट?"

"बूट एकदम झकास," तो म्हणाला. "तू ठेवलेस तसेच्या तसे. खरंच सांगतो, तुझ्या पॅकिंगला तोड नाही."

माझ्यासमोर टेबलावर तो डबा होता, काळ्या भुग्याने अर्धा भरलेला. मला भयंकर राग आला.

"माझ्या बुटाचा सोल माझ्यासमोर डब्यात आहे," मी म्हणाले. "आता खरं सांग."

मग त्याने सांगितलं. पुढची गाडी घसरून कडेच्या बर्फात रुतली होती. तो आणि त्याचा ड्रायव्हर ढकलायला उतरले. दहा-बारा पावलं गेली आणि डावा पाय हलका लागला म्हणून त्याने खाली बघितलं, तर सोल मागे बर्फात पडलेला. वळायला गेला तर उजवाही गेला. बुटाला खाली नुसता पुठ्ठा राहिला. वाऱ्यात गाडी दिसत नव्हती. तो तोल जाऊन पडला, उठला, पुन्हा पडला. ड्रायव्हर मागून आला आणि त्याला काखेत हात घालून ओढत नेलं. गाडीत त्याचे मोजे ओले होऊन कडक झाले होते. त्याच्या बॅगेतले शेजारणीचे मोजे काढून ड्रायव्हरने ते बाजूला ठेवले. आधी स्वतःचा स्वेटर वर केला आणि त्याचे दोन्ही पाय उघडे करून आपल्या पोटाला लावून धरले. दीड तास, आणि मग ते मोजे चढवले. साठीचा अनोळखी माणूस, शेजारणीसारखाच दणकट. मधूनमधून तो म्हणत होता, बूट घरात चालवून बघायचे असतात, एवढंही माहीत नाही?

"बोटं?" मी विचारलं.

"आहेत सगळी. दोन जरा पांढरी पडलीत. आता डॉक्टरकडेच बसलोय."

"मग खोटं का बोललास?"

"तू चार वर्षं सांभाळले होतेस ना ते," तो म्हणाला. "तुला काय वाटलं असतं?"

मी फोन धरून रडले. मैत्रिणीने लेकीला जवळ घेतलं होतं. माझ्या बोलण्याचं याला इतकं भय आहे, की माझ्या मनाला तो इतका जपतो, हे मला तेव्हा कळेना. आजही नीट कळत नाही. दोन्ही खरं असणार. एवढं मात्र कळलं की ‘सोल मऊ वाटतोय’ हे त्याने वेळेवर सांगितलं होतं आणि मी ऐकून घेतलं नव्हतं.

तो परत आला तेव्हा लंगडत होता. इथल्या नोव्हेना भागातल्या डॉक्टरांनी महिनाभर पट्ट्या बदलल्या. बोटं वाचली. पण डाव्या पायाच्या दोन बोटांना, त्यातलं ते लांब बोट एक, गरम-गार कळत नाही. आंघोळीचं पाणी कढत असलं तर त्याला उजव्या पायाकडून कळतं. यावरून तो स्वतःच विनोद करतो. मी हसत नाही.

तिथेच घेतलेले नवे बूट त्याने बरोबर आणले होते. ते पिशवीत नाहीत. कॉरिडॉरमधल्या चपलांच्या कपाटात, लेकीच्या शाळेच्या पांढऱ्या बुटांशेजारी उघडेच असतात, धूळ खातात. पुढच्या दसऱ्याला मी त्याची अवजारांची पेटी उघडली, एकेक पाना बाहेर काढला, पुसला, फिरवून बघितला. वडिलांना जमायचं तसं नाही, पण जमेल तसं. दोन पान्यांवर गंज होता. मग त्याला म्हटलं, बूट घाल.

"आत्ता? बत्तीस डिग्री आहे."

"घाल."

त्याने अर्ध्या चड्डीवर ते भलेमोठे बूट चढवले आणि आमच्या दारापासून लिफ्टपर्यंत चालत गेला. समोरच्या घरातल्या काकांनी वर्तमानपत्र खाली करून बघितलं. लेक "आय डोन्ट नो हिम, हां" म्हणत आत पळाली. तेव्हापासून दर दसऱ्याला हे होतं. तो लिफ्टपर्यंत जातो, वळतो, परत येतो. मी झेंडूचं फूल हातात घेऊन दाराच्या आत उभी राहते. बघत नाही, ऐकते. दोन्ही पायांचा आवाज सारखा येतो आहे ना, एवढंच ऐकते, आणि तो दारात पोचेपर्यंत फूल वाहत नाही.